तात

कारिसोच्या हार्डवेअर दुकानात, खिळ्यांच्या खणाशेजारी,
हेर्मिनियानं दोन रिळं काउंटरवर ठेवली
आणि माझ्याकडे न बघता, बिजागऱ्या मोजत म्हणाली,
"बुडायचं की तरंगायचं, ते आधी ठरव."

नायलॉन मऊ, पाण्यावर राहतं,
ओढ बसली तर थोडं लांबतं, माणसासारखं.
उन्हात राहिलं की आतून पोखरतं आणि सांगत नाही.
फ्लुरोकार्बन ताठ. पाण्यात दिसेनासं होतं, खाली जातं,
दगडाला घासलं तरी कुरकुरत नाही,
पण गाठ कोरडी आवळली तर ऐनवेळी दगा देतं.
आणि किंमत तिप्पट.

"जाडी?" मी विचारलं.
"दिवसा बारा, कातरवेळी चौदा.
मिलिमीटरचे शतांश, बाल्बिना. विसरलीस कधीपासून?"
विसरले नव्हते.
आजवर हे बाबा ठरवायचे.

ओर्बिगोच्या काठी बाबा घडीच्या खुर्चीत बसलेत,
मागे तारांवर चढलेल्या हॉप्सच्या वेली,
पुढे पाण्यात हलणारे पॉपलर.
वय शहाऐंशी. नजर अधू, उजवा हात थरथरता.
कान मात्र शाबूत:
"पुलाच्या दुसऱ्या खांबाशी उठली," म्हणतात,
"मोठी आहे. मोठ्या ट्राउट उड्या मारत नाहीत, घोट घेतात."

मी लीडर उलगडते. हाताकडे जाड, पुढे निमुळता,
चाबकासारखा. शेवटी हातभर टिपेट,
त्याच्या टोकाला कोंबड्याच्या पिसाची माशी.
सगळ्यात अशक्त जागा कुठे ठेवायची,
एवढाच खरं तर प्रश्न.
तुटायचंच तर माशीपाशी तुटावं,
बाकीचं घरी यावं.

"बाराचं लावलंस?"
"चौदाचं."
"चौदा! तिला दोरखंड दिसेल."
"बारा तुटेल, बाबा."
"ताणलं तर तुटेल. ताणायला सांगितलं कुणी?"

मग त्यांनी कोटातून तंबाखूची डबी काढली.
आत, फडक्यात गुंडाळलेलं, एक वेटोळं: तात.
मुर्सियाची.
रेशीमकिडा कोश विणायला बसणार, त्याच्या आदल्या घटकेला
त्याला व्हिनेगरात बुडवायचे, मग पोट फाडून
न विणलेलं रेशीम दोन्ही हातांनी ओढून घ्यायचे.
आजोबांनी विकत आणलेली, नायलॉन यायच्या आधी.
त्याही आधी घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस होते
(केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते ट्राउटला विचारा).
घोड्याचेच, घोडीचे नाहीत. घोडी स्वतःच्या शेपटीवर मुतते,
केस कुजतात.
हे बाबांनी मला आठव्या वर्षी सांगितलं,
जेवताना, आईसमोर.

कोरडी तात काडीसारखी मोडते. भिजवावी लागते.
बाबांनी कवळी काढून रुमालात ठेवली
आणि वेटोळं गालात धरलं, गोळीसारखं.
बोलणं बंद.

तेवढ्यात नदीला उकळी फुटली.
राखाडी माशा पडू लागल्या, हजारोंनी,
खांबाशी ती उठली, पुन्हा उठली,
माझ्या हातात चौदाचं नायलॉन, गाठ मारून तयार,
आणि बाबांचं एक बोट वर:
थांब.
लहानपणी सूप गरम असलं की हेच बोट.
त्या बोटावर मी तासभर थांबले.

वटवाघळं आली. पॉपलर गेले. मग पूल गेला.
बाबांनी तोंडातून तात काढली,
मऊ, लवचीक, पाऊणशे वर्षांनी जागी झालेली,
आणि माझ्या तळहातावर ठेवली. कोमट होती.
बांधण्याआधी ताणून बघायची असते, तसा रिवाज आहे.
मी ताणली नाही.

"दिसतंय का तुला?" कवळीशिवायच्या तोंडानं त्यांनी विचारलं.
"नाही."
खांबाशी एक घोट.
"मग बोटांनी मार गाठ," म्हणाले. "थुंकी माझी आहेच."